गाडीचा मूळ रंग कोणता?



आज जुन्या मोटारीच्या रंगाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ कॉलेजात इतिहास शिकवतात, यांना मोटारीच्या रंगातलं काय कळतं? खरं आहे. गाडीच्या यंत्रातलं मला काहीही कळत नाही. पण एका गाडीचा मूळ रंग शोधण्याची पाळी आली, तेव्हा ध्यानात आलं की हे काम इतिहासाचंच आहे. साक्षीपुरावे गोळा करायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे आणि मगच निकाल द्यायचा. आणि ज्यांच्या घरी मोटार नाही, त्यांच्याकडे आजोबांचा ट्रॅक्टर असेल, वाड्याचा रंगवलेला दरवाजा असेल, शाळेतलं जुनं कपाट असेल. रीत सगळीकडे तीच.

मुंबईत वडाळा आणि शीव यांच्या मधल्या अंगाला अँटॉप हिल नावाचा भाग आहे. तिथे आमच्या शेजारी एक काका राहत. त्यांच्याकडे १९६७ सालची फियाट अकराशे होती. ही गाडी तशी गाववालीच म्हणायची. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. याच गाडीचं नाव पुढे पद्मिनी झालं आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. वयाची मर्यादा संपली म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

काकांनी ही गाडी १९७६ साली दुसऱ्याकडून विकत घेतली होती. काका गेल्यावर ती बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मग मुलाने मनावर घेतलं, की गाडी पूर्वी होती तशी करायची. यंत्र दुरुस्त झालं. प्रश्न उभा राहिला रंगाचा. पूर्वी होती तशी, म्हणजे कशी?

मुलगा म्हणाला, आकाशी. काकू म्हणाल्या, "आकाशी कसली? चिंतामणी होती. माझ्या लग्नातल्या शालूला चिंतामणी काठ होते, मला कळत नाही होय?" घरातला रंगीत फोटो काढला, तर त्यात गाडी जांभळट. त्या काळच्या रंगीत फोटोंतली निळी छटा आधी उडते आणि सारा फोटो तांबूस होतो, म्हणून रंगाच्या बाबतीत जुन्या फोटोवर विसंबू नये. शेवटी आरटीओचं नोंदणीपुस्तक उघडलं. त्यात गाडीच्या रंगाचा रकाना असतो. तिथे लिहिलं होतं, ग्रे. म्हणजे राखी! सगळे म्हणाले, कारकुनाची चूक.

इतिहासाच्या माणसाने कागदाला इतक्या लवकर खोटं ठरवू नये. तोंडची साक्ष झाली, कागदाची झाली. आता तिसरी साक्ष काढायची ती पत्र्याची. पण इथेच घोटाळा झाला. मी गॅरेजात पोहोचेपर्यंत रंगाऱ्याने वॉटर पेपर मारून बाहेरचा सगळा पत्रा उघडा केला होता. त्याचा हेतू चांगला होता, हात तयार होता, पण जो रंग जुळवायचा तोच त्याने घासून धुऊन गटारात सोडला. जुना रंग एकदा गेला की परत आणता येत नाही. म्हणून पहिला नियम असा, की रंगाचा निकाल लागेपर्यंत पत्र्याला पेपर लावू द्यायचा नाही.

सुदैवाने गाडीचे काही कोपरे रंगाऱ्याच्या हातातून सुटलेले असतात. ऊन आणि पाऊस जिथे पोहोचत नाही, तिथे मूळ रंग टिकतो. दाराच्या आतली गादी काढली की तिच्यामागे, दाराच्या रबराखाली, पायपुसण्याखाली, डिकीत जादा चाक ठेवतात त्या खळग्यात, मागच्या दिव्याच्या बैठकीखाली, डॅशबोर्डच्या पोटात. मात्र बॉनेटच्या आतला रंग एकट्याने पुरावा मानू नये, कारण काही गाड्यांत आतला भाग वेगळ्या रंगाचा असतो. निदान तीन जागा जुळल्या पाहिजेत.

दाराच्या रबराखाली पत्त्याएवढा तुकडा सापडला. रबिंग लावून मऊ फडक्याने हलके पुसला. जुन्या रंगावर पांढरट भुकटी साचते, ती गेली की खालचा खरा रंग वर येतो. आणि वर आली चिंतामणी! काकूंची साक्ष खरी ठरली.

पण मग तो राखी रंग? त्यासाठी डिकीच्या खळग्यात नखाएवढ्या जागेवर बारीक पेपर पाण्यात भिजवून गोलगोल, अगदी हलक्या हाताने फिरवला. कांदा आडवा कापल्यावर जशी वलयं दिसतात, तशी रंगाच्या थरांची वलयं उमटतात. सगळ्यांत बाहेरचं वलय नव्या थराचं, मधोमध उघडा पत्रा. आम्हांला बाहेर चिंतामणी दिसला, मग पातळ प्रायमर, मग चकचकीत राखी, मग मळकट तांबडा प्रायमर आणि मग पत्रा. इथे एक फसगत होते. प्रायमरही पुष्कळदा राखी असतो, तेव्हा प्रायमरलाच कोणी मूळ रंग समजेल. प्रायमर घासला तरी चमकत नाही, वरचा रंग चमकतो. आमचा राखी चमकला. म्हणजे कारकून चुकला नव्हता. कारखान्यातून गाडी राखी निघाली, पहिल्या मालकाने ती चिंतामणी करून घेतली आणि नोंद करायचं राहून गेलं. तिन्ही साक्षी खऱ्या होत्या, फक्त वेगवेगळ्या सालच्या.

रंगाची जातही ओळखता येते. गॅरेजात 'ड्यूको मारणे' म्हणतात, तो शब्द एका अमेरिकन रंगाच्या नावावरून आला. १९२३-२४ च्या सुमारास हा सेल्युलोजचा रंग मोटारींना लागू लागला. त्याआधी ब्रशाने तेलाचे रंग लावायचे आणि ते वाळायला आठवडे जायचे, ते काम तासांवर आलं. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन आतल्या कोपऱ्यात पुसावं. रंग बोळ्याला उतरला तर तो बहुधा सेल्युलोजचा, नाही उतरला तर भट्टीत भाजलेला किंवा नव्या जातीचा. हे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये, तोंडाला फडकं नव्हे तर चांगला मुखवटा बांधावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. शिक्षक मित्रांना विशेष सांगतो, शाळेतलं जुनं कपाट विद्यार्थ्यांकडून घासून घेऊ नका.

आता रंग जुळवण्याकडे वळू. रंगाच्या दुकानात हल्ली यंत्र असतं. ते पत्र्याला टेकवलं की रंगाचं मोजमाप घेऊन मिश्रणाचं प्रमाण सांगतं. पण यंत्राला इतिहास कळत नाही. विटका तुकडा दाखवला तर ते विटका रंगच जुळवून देईल. म्हणून झाकलेला, स्वच्छ केलेला तुकडाच दाखवावा.

यंत्राने दिलेला रंग शेवटी डोळ्यांनीच पारखावा लागतो, आणि ही पारख आपल्या बायाबापड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. साडीवर ब्लाउजपीस घेताना त्या कापड दुकानाबाहेर नेऊन उजेडात धरतात. कारण दोन रंग ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळतात आणि दिवसाच्या उजेडात वेगळे पडतात. वरून सारखे दिसणारे रंग वेगवेगळ्या भुकट्या मिसळून बनलेले असू शकतात, आणि उजेड बदलला की त्यांचं बिंग फुटतं. तेव्हा दुपारच्या रणरणत्या उन्हात नको, दिव्याखालीही नको, सकाळी उशिरा सावलीच्या मोकळ्या जागेत रंग पाहावा. शेजारी लालभडक काही ठेवू नये, डोळा फसतो. काही पुरुषांना जन्मतः लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही आणि त्यांना स्वतःला ते ठाऊकही नसतं. म्हणून दोघातिघांना विचारावे, त्यांत एखादी बाई असावी.

डब्यातला ओला रंग पाहून निकाल देऊ नये. वाळल्यावर त्याची छटा बदलते. पत्र्याच्या तुकड्यावर आधी तोच प्रायमर, मग तोच रंग, त्याच पिचकारीने मारावा, पुरता वाळू द्यावा आणि मग मूळ तुकड्याला चिकटून धरावा. आम्ही असे सहा तुकडे केले. चार काकूंनी नापास केले. पाचवा पास झाला, सहाव्याची गरज उरली नाही. ऐन पावसाळ्यात सेल्युलोजचा रंग मारू नये, दमट हवेत तो पांढरट पडतो. आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो.

पण त्याआधी एक वाद झाला. मुलगा म्हणाला, "मूळ रंग राखी निघाला, तर राखीच करू. कारखान्यातला तोच खरा." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले आहेत. मूळपणाला मान आहेच. काकू म्हणाल्या, "राखी गाडी मी पाहिलीच नाही. ती दुसऱ्या कोणाची. तुझे वडील मला चिंतामणी गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले, आणि तू त्याच गाडीतून घरी आलास."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुरावा एवढंच सांगतो की कोणता रंग केव्हा होता. त्यातला कोणता आपला, हे पुरावा सांगत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त जे ठरवाल ते लिहून ठेवा आणि दुसऱ्याचा पुरावा पुसू नका.

गाडी चिंतामणी झाली. आरटीओत रंगबदलाची रीतसर नोंद झाली, जी पहिल्या मालकाने केली नव्हती. आणि डिकीच्या खळग्यातली ती वलयं आम्ही तशीच ठेवली आहेत, राखी रंगासकट. उद्या नातवाला वाटलं तर त्याला राखी गाडी करता येईल.

श्रोतेहो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू रंगवायची निघाली, तर तिचा तळहाताएवढा आतला कोपरा रंगाविना तसाच राहू द्या. खर्च काही नाही. पुढच्या माणसाला तेवढी साक्ष पुरते.