स्मरणाची धाव
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या तरुण मंडळींनी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेविली आहे. गतवर्षी आपल्या ज्ञातीतील एक भगिनी ऐन संसाराच्या वयात निवर्तल्या. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ सोलापुरात एक धाव भरवावी, आबालवृद्धांनी तीत भाग घ्यावा आणि जमणारा निधी रुग्णांच्या कामी लावावा, अशी ती सूचना. तीवर दोन शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी आम्हांस केली आहे. आम्ही पेशाने शिक्षक. वैद्यकशास्त्राचा अधिकार आम्हांस नाही. परंतु जे प्रसिद्ध आहे ते नीट वाचून सोपे करून सांगणे, हे काम आम्ही जन्मभर केले आहे.

पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा आहे. धावणे हा खेळ आणि मृत्यू हे दुःख. दोहोंचा मेळ कसा बसावा? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु आपला जिल्हा पंढरीचा जिल्हा आहे. येथे लक्षावधी माणसे पायी चालत येऊन देवाचे स्मरण करितात. आपल्या शहरात गड्ड्याच्या यात्रेत श्रीसिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज खांद्यावर पेलून भक्तगण अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करितात. पायांनी स्मरण करणे ही रीत आपणांस परकी नाही. परकी असेल तर ती केवळ धावपटूची टोपी!

आता परदेशातील एक उदाहरण सांगतो. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला. त्यावेळी तो अठरा वर्षांचा होता. एप्रिल १९८० मध्ये कृत्रिम पाय लावून तो आपला देश ओलांडण्यास निघाला. देशातील प्रत्येक माणसाने कर्करोगाच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग रोग फुप्फुसांत पसरला आणि त्यास थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी, तेविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, तो निधन पावला. त्याच्या नावाने दरवर्षी धाव भरवावी ही कल्पना उचलून धरणारे गृहस्थ होते इसाडोर शार्प. त्यांचा स्वतःचा मुलगा १९७८ मध्ये कर्करोगानेच गेला होता. सप्टेंबर १९८१ च्या पहिल्या धावेत सुमारे तीन लक्ष लोक सामील झाले. पुढे ही धाव अनेक देशांत पोहोचली. मुंबईतही ती भरली. तीत पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. चालणारा चालतो, धावणारा धावतो.

दुःखातून लोकोपयोगी कार्य उभे करण्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, त्याच्या मुळाशी तेच दुःख होते. नर्गिस दत्त १९८१ मध्ये याच व्याधीने गेल्या. त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात बार्शीस आहे, येथून सुमारे ७० किलोमीटरवर.

बंधुभगिनींनो, आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. धाव भरवा, नाव द्या, परंतु रोगाचे नाव फलकावर नको, असे काही जणांचे म्हणणे आहे. त्या भगिनींना झालेला रोग गर्भाशयाच्या मुखाचा होता. आम्ही हा शब्द सभेत उच्चारीत आहो, तो त्यांच्या यजमानांची आणि मातोश्रींची अनुमती घेऊनच. हा रोग एका रात्रीत होत नाही. विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर पुढे बहुधा दहा वर्षांहून अधिक काळाने तो उद्भवतो; म्हणजे त्यास गाठण्यास वेळ पुष्कळ असतो. वेळ जातो तो संकोचात. लेक आईस सांगत नाही, सून सासूस सांगत नाही, आणि यजमानांस तर कोणीच सांगत नाही.

संकोच सोडला तर काय होते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. आज धाराशिव म्हणविल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून मुंबईच्या टाटा रुग्णालयाने बार्शीच्या रुग्णालयाच्या साहाय्याने एक मोठी पाहणी केली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तीत होत्या. विषाणूची तपासणी ज्यांना एकदाच देऊ केली, त्या गटात पुढील आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या; जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, अशी तपासणी नसलेल्या गटात ६४. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. ज्या स्त्रियांमुळे जगास हे ज्ञान मिळाले, त्या आपल्याच सारख्या खेड्यापाड्यांतील होत्या. आता तर मुलींसाठी पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली देशी लसही उपलब्ध आहे. एवढे असूनही आपण फलकावर शब्द लिहिण्यास कचरलो, तर धाव व्यर्थ होय.

निधीविषयी आमचे मत स्पष्ट आहे. सदरे, पदके, कमानी आणि पुढाऱ्यांची छायाचित्रे यांतच वर्गणी संपली, असे होता कामा नये. खर्च दात्यांकडून वेगळा घ्यावा. धावेच्या नावाने आलेला प्रत्येक रुपया तपासणी, लस आणि बार्शीपर्यंतचे भाडे यांवरच खर्च व्हावा. हिशेब महिन्याच्या आत कार्यालयाच्या फळ्यावर लागावा.

मदत ज्ञातीपुरती असावी काय, हाही प्रश्न निघाला आहे. संस्था ज्ञातीची आहे, हे खरे. परंतु मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा हे चौघे सोलापूरकर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर चढले, तेव्हा त्यांनी एकमेकांची जात वा धर्म पाहिला नाही. त्यांच्या पुतळ्यांवरून आपण धावत जाणार आणि मदतीच्या वेळी मात्र आडनाव विचारणार, हे शोभणार नाही. प्रारंभ आपल्या घरातून व्हावा. दार मात्र सर्वांस खुले असावे.

व्यवस्थेसंबंधी थोडे. आपले ऊन सर्वांस ठाऊक आहे. म्हणून धाव डिसेंबरात, रविवारी, उजाडताच असावी. गड्ड्याचे दिवस टाळावेत. अंतर आजीबाईंना चालवेल एवढेच ठेवावे. वाटेत पाणी आणि डॉक्टर असावेत. आणि सर्वांपुढे स्त्रिया असाव्यात. लुगड्यात असोत वा पंजाबी पोशाखात, त्याविषयी कोणी बोलू नये.

शेवटी एक विनंती. धावेसाठी नाव नोंदविण्यास येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील तीस वर्षांवरील एका तरी स्त्रीचे नाव तपासणीच्या यादीतही नोंदवावे. दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्या जातील. धावेची वही लवकर भरेल, यात आम्हांस शंका नाही. दुसरी वही किती भरते, यावरून त्या भगिनींचे स्मरण आपण किती केले, हे ठरेल.