शरणार्थी आणि चार क्रियापदे



'निर्वासित' आणि 'शरणार्थी' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पहिला शब्द त्या माणसाचे काय झाले ते सांगतो. दुसरा, तो आपल्याकडे काय मागतो ते. कॅथलिक सामाजिक शिकवण या मागण्याला उत्तर देऊ पाहते.

या शिकवणीची आधुनिक सुरुवात १८९१ सालची. पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगारांच्या न्याय्य मजुरीचा आणि संघटनेचा हक्क मांडला. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या पैशावर वा उपयोगावर अवलंबून नसते, हे त्यामागचे सूत्र. म्हणून गरजूला केलेली मदत हा निव्वळ उपकार ठरत नाही. ते त्याचे देणे असते. १९६३ साली पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेरिस'मध्ये, योग्य कारण असल्यास परदेशी जाऊन राहणे हा हक्क मानला. व्हिएतनाममधून होड्यांतून निसटलेल्यांचे हाल पाहून जेझुइट संघाचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनी १९८० साली निर्वासितांसाठी सेवासंस्था उभारली. पोप फ्रान्सिस २०१३ साली रोमबाहेर प्रथम गेले ते लांपेदुसा बेटावर, समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी प्रार्थना करायला.

त्यांच्या २०२०च्या 'फ्रातेल्ली तुत्ती'त चार क्रियापदे आहेत: स्वागत करणे, रक्षण करणे, वाढीला वाव देणे, सामावून घेणे. 'करुणा' हे नाम आहे. ते मनात बाळगून स्वस्थ बसता येते. क्रियापदाला मात्र कर्ता लागतो. यांतले चौथे सर्वांत अवघड. सामावून घेणे म्हणजे आपल्यासारखे करून टाकणे नव्हे. येणाऱ्याची भाषा, देव, चालीरीती शाबूत राहाव्या लागतात.

ही शिकवण गोव्यात सांगताना इतिहास झाकून चालणार नाही. १५६०च्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश नदीपार प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. पोर्तुगीज सत्ता आणि तिच्या सोबतची चर्च यांच्या धाकाने लोक देव घेऊन निघाले होते. त्यांना आसरा मिळाला तो आदिलशाही अमलातल्या अंत्रुजात. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा हक्क मान्य केला आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. चर्चला इथवर यायला चार शतके लागली, हे लक्षात ठेवूनच आजची शिकवण वाचावी.

पण प्रश्न एकट्या चर्चला नाही. ज्यांच्या पूर्वजांना अंत्रुजाने जागा दिली, ते आपणही बांधकामावरच्या मजुराला 'भायलो' म्हणतो, 'घाटी' म्हणतो. तो पोटासाठी आला, जीव वाचवायला नव्हे, हा फरक खराच. तरीही राहायला जागा, वेळेवर मजुरी आणि मुलांना शाळा या त्याच्या गरजा त्या फरकाने कमी होत नाहीत.

इथे भाषेच्या माणसांचे काम सुरू होते. लेखकाने अशा माणसाला कथेत नाव द्यावे. 'एक बिहारी' एवढीच त्याची ओळख ठेवू नये. शिक्षकाच्या वर्गात घरी कन्नड किंवा ओडिया बोलणारे मूल असेल, तर त्याच्या घरातली एखादी गोष्ट सगळ्या वर्गाने ऐकावी. त्या मुलाने मराठी शिकावी, आणि आपली भाषा लपवण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. चौथ्या क्रियापदाचा अर्थ वर्गात इतका साधा आहे.