आधी काय ठेवायचं, मग काय घ्यायचं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाताची कापणी आटोपली, हवेत गारवा आला, की सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे पाय शिवशिवायला लागतात. एका दिवसाच्या गडफेरीला पाण्याची बाटली आणि डबा पुरतो. पण दोन-तीन दिवसांची चाल असली, की आमच्याबरोबर पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘सॅकमध्ये काय काय घेऊ?’ मी म्हणतो, आधी घरी काय ठेवायचं ते ठरवू या.

उदाहरण म्हणून रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट घेऊ. अकोले तालुक्यातल्या रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहायचं, रतनगड चढायचा, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पाचनई आणि तिथून हरिश्चंद्रगड. साधारण तीन दिवसांची चाल. रतनगडाला लोखंडी शिड्या, वाटेत दाट रान आणि उतारावर घसारा. अशा वाटेवर पाठीवर पंधरा-सोळा किलो असले, की गुडघे कुरकुरायला लागतात. दमलेला माणूस मागे पडतो, ठेचकाळतो, आणि मग सगळ्यांनाच रानात अंधार गाठतो. म्हणून माझा हिशेब सोपा आहे. ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. ६० किलोच्या माणसाला १२ किलो, तेही पाण्यासकट.

निघायच्या दोन दिवस आधी सगळं सामान सतरंजीवर मांडा आणि तीन ढीग करा. जे नसेल तर जिवावर बेतेल, ते पहिल्या ढिगात. जे नसेल तर दुसऱ्या दिवशी चालता येणार नाही, ते दुसऱ्यात. आणि जे नसेल तर फक्त गैरसोय होईल, ते तिसऱ्यात. हा तिसरा ढीगच नेहमी सर्वांत मोठा निघतो! तो शक्यतो घरीच राहू द्या.

पहिल्या ढिगात अर्थातच पाणी. निघताना प्रत्येकाकडे ३ लिटर हवं. म्हणजे १२ किलोंतले ३ किलो पाण्यातच गेले. पण हे वजन कमी करायच्या मोहात पडू नका. डोंगरात आपलं पाणी संपलं, की आपण दुसऱ्याच्या बाटलीतलं पितो, आणि तो बिचारा नाही म्हणत नाही. पुढचं पाणी कुठे मिळेल, हे गावात विचारून घ्या. उन्हाळ्याकडे झुकताना बरीच टाकी आटतात. टाक्यातलं पाणी उकळून किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकून प्या. मीठ-साखरेच्या पुड्या जवळ असू द्या. १ लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठच करून ठेवा. चमचा मात्र चहाचा.

मग विजेरी. प्रत्येकाची वेगळी, जादा सेलसह. कपाळावर बांधायची असेल तर उत्तम, कारण शिडी उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. मोबाईलची विजेरी हिशेबात धरू नका. बॅटरी उतरली, की फोनही गेला आणि उजेडही. एक शिट्टी गळ्यात असू द्या. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा वाजवायची. ही खूण जगभरचे गिर्यारोहक ओळखतात. स्वतःची रोजची औषधं, चिकटपट्टी, क्रेप बँडेज आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटीही याच ढिगात.

दुसऱ्या ढिगात बूट. ते नवे नकोत, आधी महिनाभर वापरलेले हवेत. जादा मोजे हवेत, आणि निघण्याआधी पायाची नखं कापा. उतारावर वाढलेली नखं बुटात आपटून काळीनिळी होतात. जीन्स नको. भिजली तर ती वाळत नाही आणि भिजल्यावर जड होते. अंगभर बाह्यांचा सदरा, सैल पँट, रात्री घालायला कोरडा जोड, स्वेटर, कानटोपी, एक मॅट आणि पांघरूण एवढं पुरे. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरातली थंडी हाडं गोठवते.

खाण्यात गूळ-शेंगदाणे, खजूर, दशम्या, चिवडा. डबाबंद पदार्थ जड, शिवाय त्यांचे डबे परत वाहून आणायचे. वाटेतल्या गावांत आधी निरोप दिला, तर पिठलं-भाकरी मिळते. ओझं कमी होतं आणि चार पैसे त्या घरात जातात. हे अभयारण्य आहे, तेव्हा मुक्काम आणि चूल याबद्दलचे नियम वनखात्याकडे आधी विचारा. अत्तर, सुगंधी फवारे मात्र नकोतच. उग्र वास आणि धूर यांनी कड्यावरची आग्या मोहोळं उठतात.

भरतानाही क्रम हवा. सॅकच्या आत आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी. तळाला पांघरूण, जड वस्तू मध्यावर आणि पाठीलगत, विजेरी आणि औषधं वरच्या कप्प्यात. बाहेर काही लोंबकळतं ठेवू नका, ते शिडीला आणि कारवीला अडकतं. पातेलं, दोर, औषधांची मोठी पेटी ही सगळ्यांची सामायिक असावीत. दहा जणांत दहा पातेली कशाला?

आणि एका गोष्टीला वजनच नसतं. कुठल्या वाटेनं जाणार, कोण कोण आहे, कधी परतणार, हे कागदावर लिहून घरी ठेवा, पायथ्याच्या गावातही सांगा. वाट माहीत नसेल तर गावातला वाटाड्या घ्या. कचऱ्यासाठी रिकामी पिशवी न्या.

शेवटी, भरलेली सॅक पाठीवर घेऊन घराजवळचा जिना दहा वेळा चढून-उतरून पाहा. मग तिसऱ्या ढिगातलं अजून काय काढायचं, हे तुमचे गुडघेच सांगतील. त्यांचं ऐका!