दार लावून बोलायला जागा हवी
(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वस्तीतल्या केंद्रात काम करताना बायका पहिल्या भेटीत एकच वाक्य बोलतात, "ताई, मला तसं काही झालेलं नाही." मग हळूहळू बाहेर येतं. रात्री दोन वाजता जाग येते. भाजी चिरताना उगाच रडू येतं. लेकरावर हात उगारला जातो, मग दिवसभर मनाला खातं. हा काही वेडेपणा नव्हे, पण म्हणून तो सोसतच राहावा असंही नाही.

अशा रोजच्या त्रासासाठी फोनवरून, व्हिडिओवरून समुपदेशकाशी बोलण्याची सोय आता झाली आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर ती बरीच वाढली. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बसभाडं नाही, रोज बुडत नाही, दवाखान्याचा जिना चढताना कुणी पाहत नाही. बाईच्या दृष्टीनं हे थोडं नाही.

आमच्या वस्तीतली एक बाई घरी शिलाई करते. छातीत धडधड व्हायची. तपासणीत हृदय ठीक निघालं. ती दर गुरुवारी व्हिडिओवर समुपदेशकाशी बोलू लागली. समुपदेशकानं उपदेश केला नाही. धडधड कधी होते ते आठवडाभर लिहून ठेवायला सांगितलं. वहीत बहुतेक वेळा संध्याकाळचे सहा निघाले. नवरा घरी येण्याची ती वेळ! स्वतःच्या अक्षरात ते वाचल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दुखणं माझ्या छातीत नाही."

पण हे सगळं ती बोलली कुठून? दहा बाय बाराची खोली, सासू, दोन मुलं, फोन नवऱ्याचा. ती बोलली आमच्या केंद्राच्या मागच्या खोलीतून, आमच्या फोनवरून, दार लावून.

माझं म्हणणं एवढंच आहे. पूर्वी दवाखान्याची भिंत गुप्तता राखत होती. आता ती भिंत बाईनंच उभी करायची असते, आणि घरात तिच्या मालकीचा कोपरासुद्धा नसतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं आपल्याला गोपनीयतेचा हक्क दिला. पण तो उपचार करणाऱ्याला बांधतो, पडद्याआड कान देऊन बसलेल्याला नाही.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. चांगला समुपदेशक आधी विचारतो, "तुम्ही एकट्या आहात ना?" कुणी आलं तर काय बोलायचं, तो शब्द आधीच ठरवा. "रेशन आलं का?" एवढं म्हटलं की समोरच्यानं ओळखावं. फोन दुसऱ्याच्या हाती जात असेल तर कॉलची नोंद आणि लेखी संभाषण पुसून टाका. शिक्षण काय, अनुभव किती, हे विचारायला लाजू नका. 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ती विचारा. जीव द्यावासा वाटत असेल किंवा मारहाण होत असेल, तर पुढच्या गुरुवारची वाट पाहू नका. जवळच्या माणसाला सांगा, ११२ किंवा १८१ ला फोन करा, दवाखाना गाठा.

आणखी एक. समुपदेशक "थोडं जुळवून घ्या" म्हणू लागला, तर तो समुपदेशक बदला. दीर्घ श्वासानं धडधड कमी होते, नवऱ्याचा हात थांबत नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाच मानतो. मनाला उभारी आणि कायद्याचा आधार, दोन्ही मागायचा आपल्याला हक्क आहे. शिलाई करणारी आमची ती मैत्रीण समुपदेशनाच्या सहाव्या आठवड्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली. एकटी नाही, आमच्यातल्या दोघींना घेऊन.

तेव्हा माझी सूचना अशी. प्रत्येक महिला मंडळानं, बचत गटानं आठवड्यातून एक दुपार एक खोली मोकळी ठेवावी. दाराला आतून कडी, एक खुर्ची, एक चार्ज केलेला फोन. बाहेर एक जण राखण करेल. आत कोण, कशासाठी, हे कुणी विचारायचं नाही. खर्च फारसा नाही. पुढच्या मेळाव्याला येताना किती ठिकाणी अशी खोली झाली, ते मोजून या.