हडपसरच्या मैदानावरील एक शांत दिवस

(माध्यमिक शिक्षकांच्या शिबिरातील भाषण)



विज्ञानाच्या शिबिरात कलाशाखेच्या पदवीधराने विमानविद्येवर बोलावे, हे धाडसच म्हटले पाहिजे. म्हणून मी विद्येविषयी न बोलता केवळ एका दिवसाविषयी बोलणार आहे. २०१४ सालच्या डिसेंबरात, वृत्तांतासाठी मजकूर मिळावा या हेतूने मी पुण्याजवळील हडपसर येथील ग्लायडिंग सेंटरवर गेलो होतो. कार्यालयीन भाषेत सांगायचे तर त्या दिवसाचा अहवाल ‘निरंक’ होता.

ग्लायडरला इंजिन नसते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विंचच्या ढोलावर लांबलचक दोर वेगाने गुंडाळला जातो आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढते. पंखाचे टोक धरून एक जण चार पावले धावतो. मग त्याचीही गरज उरत नाही. मिनिटभराच्या आत सुमारे ३०० मीटर उंची गाठली जाते, दोर सोडला जातो आणि एकाएकी सारे निःशब्द होते. स्थिर हवेत ग्लायडर सेकंदाला साधारण १ मीटर खाली येते. म्हणजे ५ मिनिटांत पुन्हा जमीन. उन्हाने तापलेल्या भूमीवरून उष्ण हवा वर उठू लागली, की याच ५ मिनिटांचे तास होतात. घारी पंख न हलवता घिरट्या घालतात, त्या याच हवेच्या आधाराने. त्या सकाळी मात्र एकही घार वर नव्हती.

बोलता बोलता जुन्या भारतीय ग्लायडरांची नावे निघाली : अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. नावे ठेवणारा पंचांग जवळ घेऊनच बसला असावा! १९६१ मध्ये प्रथम उडालेल्या रोहिणीत शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत.

त्या दिवशी एका तरुणाचे पहिले एकट्याचे उड्डाण व्हावयाचे होते. गावाहून त्याचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. आधी शिक्षकांनी त्याच्यासमवेत तीन उड्डाणे केली. दुसऱ्या वेळी ग्लायडर अर्ध्या उंचीवरही पोहोचले नसताना, कोणतीही पूर्वसूचना न देता त्यांनी दोर सोडून दिला. दोर खरोखर तुटला तर काय करावयाचे, याची ती परीक्षा होती. अशा वेळी मन नाक वर ठेवू पाहते. परंतु ते तत्काळ खाली करून वेग राखावा लागतो, अन्यथा पंखांचा आधारच नाहीसा होतो. मुलाने नाक खाली केले आणि समोरच्या मोकळ्या पट्टीवर ग्लायडर सरळ उतरवले. कोणी टाळी वाजवली नाही.

दुपारनंतर वारा फिरला. खांबावरची कापडी पिशवी धावपट्टीला आडवी होऊन फडफडू लागली. शिक्षक तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आज नको.”

वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, “साहेब, पोराचं काही चुकलं का?”

शिक्षकांनी ते ऐकले. “त्याचं काही चुकलं नाही, काका. एवढा आडवा वारा मी शेजारी असताना चालतो. एकट्यासाठी उद्या पाहू.”

मुलगा काही बोलला नाही. ग्लायडर हँगरकडे ढकलत नेताना पंखाचे टोक त्यानेच धरले होते. पेढे मात्र परत गेले नाहीत. वडिलांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा विंच चालविणाऱ्याच्या हातावर ठेवला.