पाटी तपासायची असते

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावातून शाळेची सहल पुण्याला निघाली, की शनिवारवाडा आणि सिंहगड ठरलेलेच. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय यादीत आलंच तर शेवटी येतं. मग मुलांनी रांगेनं फिरायचं, पाट्या वहीत उतरवायच्या आणि बसमध्ये बसायचं. माझं म्हणणं असं, की एवढ्यासाठी तिथं जाऊच नये. मानवशास्त्राच्या संग्रहालयात विद्यार्थ्यानं जायचं ते पाटी खरी आहे का, हे तपासायला.

हा आगाऊपणा वाटेल, पण त्याचा भारी दाखला मराठीतच आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला विद्यार्थिनी होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. पुढं नाझी राजवटीनं त्यांना डोक्यावर घेतलं. गोऱ्यांच्या कवटीची डावी-उजवी बाजू असमान असते, इतरांची नसते आणि गोऱ्यांची बुद्धी वरचढ ती त्यामुळंच, असा त्यांचा तर्क. इरावतीबाईंनी संग्रहातल्या १४९ कवट्या मोजल्या. असमानता होती, पण वंशाशी तिचा काही संबंध दिसेना. तसं त्यांनी गुरूच्याच संस्थेत प्रबंधात लिहिलं. संग्रह गुरूचाच, निष्कर्ष मात्र शिष्येचा.

कुणी म्हणेल, कुठं इरावतीबाई आणि कुठं आठवीतलं पोर! पण आठवीतल्या पोराकडं वेगळं भांडवल असतं. बंजारा स्त्रीची कांचळी, म्हणजे चोळी, काचेआड टांगलेली असते, खाली ‘पारंपरिक पोशाख’ एवढंच. तिच्यावरच्या कवड्या बघा. कवडी ही समुद्रातली वस्तू. भारतात ती मुख्यत्वे मालदीवहून यायची, नाणं म्हणूनही चालायची. ती नांदेडच्या माळरानावर कशी पोचली? बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या तांड्यांचा व्यापार या प्रश्नातून समोर येतो. आणि हातातला हस्तिदंती चुडा जाऊन प्लास्टिकचा कसा आला, हे वर्गातली तांड्यावरची मुलगी सरांपेक्षा नेमकं सांगेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जिवंत माणसांच्या वस्तू नमुन्यासारख्या मांडणं हा त्यांचा अपमानच नाही का? पुष्कळदा तो होता, हे नाकारून चालणार नाही. वसाहतकाळात नाकं मोजून माणसांची प्रतवारी लावली गेली. पण उपाय संग्रहालय बंद करण्यात नाही. भोपाळच्या मानव संग्रहालयात आदिवासी समाजांतल्या लोकांनीच येऊन आपापली घरं उभारली, मांडणाराच बदलला. आणि पाटीला प्रश्न विचारणं हाही अपमान नव्हे. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर आज महाराष्ट्रात असलेला किनवट तालुका १९५६पर्यंत आता तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे टोप घालून गोंडांची दंडार या दोन राज्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना नाचते. मग टोपाखाली ‘महाराष्ट्र’ लिहायचं की ‘तेलंगणा’? हे विचारणारं पोर कुणाचा अपमान करत नाही.

म्हणून शिक्षकांना एवढंच सुचवावंसं वाटतं: सगळी दालनं पालथी घालू नका. प्रत्येकाला एकच वस्तू द्या, अर्धा तास द्या. ती कुणी बनवली, इथं कुणी आणली, बनवणाऱ्याला काय मिळालं, तिच्या पाटीवर यातलं काय नाही, एवढं लिहून आणायला सांगा.