दूर पल्ल्याची मालवाहतूक : बॅटरी, हायड्रोजन की डिझेल?



वाहनांच्या भवितव्याविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुतांशी मोटारी आणि दुचाकींभोवती फिरते. आज मी जाणीवपूर्वक ट्रकविषयी बोलणार आहे. केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशातील एकूण वाहनांमध्ये डिझेल ट्रकांचे प्रमाण अवघे ३ टक्के आहे. वाहतूक क्षेत्रातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात मात्र त्यांचा वाटा ४२ टक्के आहे. देशात खपणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांपैकी सुमारे ४० टक्के डिझेल असते आणि कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आपण आयातीतून भागवतो. त्यामुळे ट्रक कशावर चालावा हा प्रश्न हवेचा आहे तितकाच परकीय चलनाचा, आणि भाजीपाल्यापासून सिमेंटपर्यंत प्रत्येक वस्तूच्या भावाचाही आहे.

या प्रश्नावर मते पुष्कळ ऐकू येतात, आकडेमोड क्वचित. आपण ती करून पाहू. मालासह ४० टन वजनाचा एक ट्रक ५०० किलोमीटर न्यायचा आहे आणि तो लिटरला ३ किलोमीटर धावतो, असे धरू. त्याला सुमारे १६७ लिटर डिझेल लागेल. त्याचे वजन १४० किलोच्या आसपास. कोणत्याही पंपावर दहा मिनिटांत ते भरून होते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलातील १० युनिट इतकी ऊर्जा साठलेली असते. १८९० च्या दशकात रुडॉल्फ डिझेल यांनी विकसित केलेले इंजिन आजही मालवाहतुकीवर राज्य करते, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

आता हाच प्रवास बॅटरीवर करू. अशा ट्रकला किलोमीटरमागे सुमारे १.४ युनिट वीज लागते, म्हणजे ५०० किलोमीटरसाठी ७०० युनिट. आजच्या लिथियम बॅटरी संचात किलोमागे सुमारे १६० वॅट-तास ऊर्जा मावते असे धरल्यास या संचाचे वजन चार टनांहून अधिक भरते. इंजिन, गिअरपेटी आणि इंधनटाकी काढून टाकल्याने काही वजन वाचते. तरीही दोनेक टन माल कमी भरावा लागतो. सिमेंट किंवा पोलाद वाहणाऱ्यासाठी हा थेट तोटा आहे, कारण त्याचे भाडे टनावर ठरते. पार्सल वाहणाऱ्या ट्रकची गोष्ट वेगळी. तिथे वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वी जागाच भरून जाते आणि बॅटरीचे वजन फारसे जाणवत नाही. युरोपीय संघाने शून्य-उत्सर्जन ट्रकांना दोन टन अधिक वजनाची मुभा दिली आहे, ती याच कारणासाठी.

हायड्रोजनचे आकर्षण इथे सुरू होते. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा असते. डिझेलच्या जवळजवळ तिप्पट. आपल्या ट्रकला ५०० किलोमीटरसाठी सुमारे ४२ किलो हायड्रोजन पुरेल. परंतु हा वायू विश्वातील सर्वांत हलका असल्याने तो वातावरणाच्या ३५० ते ७०० पट दाबाखाली भरावा लागतो, अथवा उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूपात ठेवावा लागतो. इतका दाब सहन करणाऱ्या टाक्या आतील वायूच्या पंधरा-वीस पट जड असतात. त्या धरूनही हायड्रोजनचा साठा बॅटरीपेक्षा पुष्कळच हलका राहतो, आणि तो भरायलाही वेळ कमी लागतो. वजन आणि वेळ या दोन कसोट्यांवर हायड्रोजन सरस आहे, हे मान्य केले पाहिजे.

तिसरी कसोटी कार्यक्षमतेची. तिथे चित्र पालटते. वीजनिर्मिती केंद्रातून निघालेली १०० युनिट वीज बॅटरीत भरली, तर चार्जर, बॅटरी आणि मोटार यांतील घट वजा जाता सुमारे ७५ युनिट चाकांपर्यंत पोहोचतात. त्याच १०० युनिटांनी पाण्याचे विद्युत अपघटन केले, तर हायड्रोजनच्या रूपात साधारण ६५ युनिट हाती लागतात. वायू दाबणे आणि वाहून नेणे यात आणखी काही जातात. इंधन घटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, त्याची पुन्हा वीज करताना उरलेल्यातील निम्मी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. चाकाला मिळतात पंचवीस ते तीस युनिट. यातील बरीचशी घट उष्मागतिकीच्या नियमांतूनच येते, त्यामुळे संशोधनाने ती थोडी कमी होईल; नाहीशी होणार नाही.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने पुढील मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण उत्तरपत्रिकांमध्ये 'विजेवरील वाहन म्हणजे शून्य उत्सर्जन' असे विधान सर्रास आढळते. आपल्या राष्ट्रीय ग्रिडमधील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. आपला विजेवरील ट्रक किलोमीटरला १.४ युनिट वापरतो, म्हणजे सुमारे १ किलो उत्सर्जन. एक लिटर डिझेल जाळल्यावर साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, किलोमीटरला ०.९ किलो. तेल काढणे, शुद्ध करणे व वाहून आणणे यांचे उत्सर्जन त्यात मिळवले, तर दोघांची जवळपास बरोबरी होते. मोटारी आणि शहरी बस यांच्या बाबतीत विजेचा फायदा स्पष्ट दिसतो, कारण वाहनांच्या गर्दीत त्यांचे इंजिन फार अकार्यक्षम चालते. महामार्गावर संथ, एकसारख्या गतीने धावणारे जड डिझेल इंजिन मात्र ४० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता गाठते. त्याच्याशी स्पर्धा अवघड आहे. आणि ग्रिडमधल्याच विजेने हायड्रोजन तयार केला तर? किलोमीटरला सुमारे ४.७ युनिट आणि ३.३ किलो उत्सर्जन. डिझेलच्या तिप्पट!

यावर कोणी म्हणेल, ग्रिड झपाट्याने हरित होत आहे. ते खरे आहे. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत जीवाश्मेतर स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोहोचला. परंतु स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीजनिर्मिती यांत गल्लत करू नका. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही, त्यामुळे निर्मितीतील वाटा बराच कमी, चौथ्या हिश्श्याच्या आसपास राहिला आहे. निर्मितीतील हा वाटा जसजसा वाढेल, तसतसे आज विकत घेतलेल्या विजेवरील ट्रकचे उत्सर्जन आपोआप घटत जाईल. डिझेल ट्रकला ही सोय नाही. जुना झाल्यावर तो अधिकच धूर सोडतो.

मग हायड्रोजनचे काय करायचे? ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे लक्ष्य आहे. आपले तेलशुद्धीकरण कारखाने व खतकारखाने आजच जवळजवळ तितका हायड्रोजन वापरतात आणि तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनवला जातो. तिथे हायड्रोजनला पर्यायच नाही. म्हणून पहिला हक्क त्यांचा, पुढे पोलाद आणि जहाजवाहतुकीचा, असे माझे मत आहे. ट्रकचा क्रमांक त्यानंतर लागावा.

तरीही सरकारने वाहतुकीचे प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले, हे योग्यच झाले. मार्च २०२५ मध्ये पाच प्रकल्पांना मंजुरी देण्यात आली. त्यांत ३७ बस व ट्रक आणि ९ इंधनभरणा केंद्रे आहेत. पुणे-मुंबई, अहमदाबाद-बडोदे-सुरत, भुवनेश्वर-कोणार्क-पुरी, जमशेदपूर-कलिंगनगर यांसारखे दहा मार्ग निवडण्यात आले. या ३७ पैकी २२ वाहनांत इंधन घट नसून हायड्रोजन थेट इंजिनात जाळला जातो. असे इंजिन स्वस्त पडते आणि आपल्या कारागिरांच्या ओळखीचे असते. मात्र त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि कार्यक्षमताही कमी असते. लेहमध्ये सुमारे ३,६५० मीटर उंचीवर एनटीपीसीने हायड्रोजन बस आणल्या. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते, हे लक्षात घेता अशा ठिकाणचा अनुभव मोलाचा ठरेल. जगाचा कल मात्र दुसरीकडे आहे. अमेरिकेतील निकोला या हायड्रोजन ट्रक बनवणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. चीनमध्ये त्याच वर्षाच्या पहिल्या सहामाहीत विकल्या गेलेल्या नव्या जड ट्रकांपैकी सुमारे एक पंचमांश विजेवरील होते.

'पण दूर पल्ल्याचे काय?' हा आक्षेप नेहमी घेतला जातो. पल्ला म्हणजे दोन थांब्यांमधले अंतर, एवढे ध्यानात घेतले की त्याची धार कमी होते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला आठ तास काम असा नियम होता. आपल्या महामार्गांवर पाच तासांत ट्रक अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर जातो. जेवणाच्या थांब्यावर जलद चार्जिंग मिळाले, तर ५०० किलोमीटरच्या बॅटरीची गरजच उरत नाही. वजनाचा प्रश्नही निम्म्यावर येतो. बंदरांवर तर अंतरे त्याहून लहान असतात. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणाऱ्या ५० जड ट्रकांचा ताफा सुरू झाला, तो म्हणूनच. रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवायला काही मिनिटे पुरतात.

अर्थात ढाब्यावर दहा ट्रक एकाच वेळी प्रत्येकी ३५० किलोवॅटने चार्ज करायचे म्हणजे साडेतीन मेगावॅटची जोडणी हवी. आज तिथे शीतकपाट आणि पंखे चालतील एवढीच वीज असते. रस्ता केंद्राचा, वीजवितरण राज्याचे, जमीन तिसऱ्याची! तंत्रज्ञानापेक्षा या समन्वयातच काम अडण्याची भीती मला अधिक वाटते.

आणि हजार-दीड हजार किलोमीटरचा खरा दूर पल्ला? त्यासाठी सर्वांत उत्तम विजेवरील वाहन आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्याला बॅटरी लागत नाही. ब्रॉडगेज लोहमार्गांचे ९८ टक्क्यांहून अधिक विद्युतीकरण झाले आहे आणि १,५०६ किलोमीटरची पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिका एकावर एक कंटेनर रचून नेण्यासाठीच आखलेली आहे. १९५१ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक असलेला मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा पुढे तिशीच्या आत घसरला. राष्ट्रीय रेल्वे योजनेने २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साधले, तर ट्रकच्या वाट्याला मुख्यतः स्थानकापासून कारखान्यापर्यंतचे टप्पे राहतील आणि तिथे बॅटरी सहज पुरते.

शेवटी पैसा. डिझेल ९० रुपये लिटर धरल्यास आपल्या ट्रकचा इंधनखर्च किलोमीटरला ३० रुपये. वीज १२ रुपये युनिट धरल्यास सुमारे १७ रुपये. हायड्रोजन ३५० रुपये किलो धरला तरी तो डिझेलइतकाच, आणि वायू दाबून पंपापर्यंत आणण्याचा खर्च वेगळा. परंतु विजेवरील जड ट्रकची किंमत डिझेल ट्रकच्या दुपटीहून अधिक असते. आपल्या बहुसंख्य मालकांकडे पाचांहून कमी ट्रक आहेत. अनेक जण स्वतःच चालकही आहेत. पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून ट्रकमागे कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे प्रोत्साहन जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले आणि सुमारे ५,६०० ट्रकांना त्याचा लाभ अपेक्षित धरण्यात आला. त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. बॅटरीवर पाच वर्षे किंवा पाच लाख किलोमीटरची हमी उत्पादकाने द्यायची आहे. वर्षाला लाखभर किलोमीटर धावणाऱ्या ट्रकची ही हमी त्याचे कर्ज फिटेपर्यंत साधारण पुरते. छोटा मालक मात्र बहुधा नवा ट्रक घेतच नाही. तो मोठ्या कंपनीने पाच-सात वर्षे वापरलेला ट्रक विकत घेतो, म्हणजे नेमका हमी संपल्यानंतरचा. त्याला कर्ज कोण आणि कशाच्या तारणावर देणार, हे जोवर ठरत नाही, तोवर तो डिझेलचाच ट्रक घेईल.